अप्पांच्या दुकानातला इंग्रजी शब्द

अप्पांना इंग्रजी शब्द वीसेक यायचे आणि ते सगळे विजेच्या मोटारींचे होते. निपाणीजवळचं गाव सोडून ते बेंगळूरला आले आणि बोम्मसंद्र्यात त्यांनी मोटार वाइंडिंगचं, म्हणजे मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. कारखान्यांतल्या, गिरण्यांच्या, बोअरवेलच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. अप्पा झाकण उघडून आधी वास घ्यायचे आणि मग खडूनं मोटारीच्या अंगावर लिहायचे, ‘बर्नआउट’. शाळा सुटल्यावर मी तिथंच बसून अभ्यास करायची. करपलेल्या व्हार्निशचा वास माझ्या दप्तराला लागायचा आणि वर्गात मला त्याची लाज वाटायची.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये लागले, जे. पी. नगरला फ्लॅट घेतला. आई तोवर वारली होती. अप्पा दुकानामागच्या खोलीतच राहायचे. एका सकाळी ऑफिसला जायला मी रिक्षात बसले. ड्रायव्हरनं विचारलं, “एल्लि, मॅडम?” कुठं जायचं ते मला सांगता येईना. पत्ता पाठ होता, पण तोंडातून शब्दच फुटेना. तो बिचारा थांबला, त्यानं पुन्हा विचारलं आणि शेवटी म्हणाला, “घरी जा, अक्का.” मी उतरले आणि गेटजवळच्या कट्ट्यावर तासभर बसून राहिले. त्या आठवड्यात डॉक्टरांनी कागदावर अप्पांचा तोच शब्द लिहिला, ‘बर्नआउट’.

फोनवर सांगितल्यावर अप्पा दोन बस बदलून आले. चष्मा लावून त्यांनी तो कागद अक्षर अक्षर लावत वाचला.

“हे माणसालापण होतंय?”

“होतंय, अप्पा.”

चष्मा काढून त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “आवाज कधीपासनं बदलला?”

मला कळलं नाही.

“मोटार एका दिवसात जळत नाही. आधी आवाज बदलतोय. गिऱ्हाइकाला मी पहिल्यांदा तेच विचारतो. तुझा कधी बदलला?”

डॉक्टरांनी झोप विचारली होती, भूक विचारली होती, कामाचे तास विचारले होते. हे कुणी विचारलं नव्हतं. मी आठवत गेले. दोन वर्षं तरी झाली असतील, म्हटलं. मैत्रिणींना फोन करणं सुटलं, आंघोळ करताना गुणगुणायची ते सुटलं.

“मला फोनवर कळत होतं,” अप्पा म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“तू म्हणायचीस, सगळं सरी आहे, ठीक आहे. कारखान्याची मोटार असती तर मालकाला सांगितलं असतं, आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणून. पोरीला कसं सांगू?”

त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. मी उठून चहा ठेवला.

रजेवर असताना रोज सकाळी मी बोम्मसंद्र्याला जाऊ लागले. अप्पांनी बोलावलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलेलं होतं. मी मोटारीच्या खाचांतली काळी पडलेली तार पक्कडीनं ओढून काढायची. अप्पा नवी तार भरताना मराठीत वेढे मोजायचे आणि मध्येच कुणी कानडीत हाक मारली की चुकायचे. मग दोघं मिळून पहिल्यापासून मोजायचो. एकदा मी विचारलं, “मलाही असं नव्यानं भरता येईल का हो?”

त्यांनी पक्कड खाली ठेवली. “तू काय मोटार आहेस होय? मोटारीला भूक लागत नाही. चल, डबा काढ.”

त्या दिवशी मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या.

नोकरी मी सोडली. आता एका छोट्या कंपनीत काम करते आणि संध्याकाळी सहाला घरी असते. मला बरं वाटू लागलेलं अप्पांनी पाहिलं, एवढं समाधान आहे. गेल्या वर्षी ते गेले. छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी दुकान रिकामं करायला गेले त्या दिवशी आनेकलकडचा एक शेतकरी टेम्पोत पंपाची मोटार घालून आला. अप्पा गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तसा तो पायरीवर बसला. “अण्णा माझ्या मोटारीचं दुखणं हात न लावता ओळखायचे,” तो कानडीत म्हणाला. मी चहा मागवला. त्यानं आणखी काही सांगावं म्हणून मी काय काय विचारत राहिले: अप्पा काय बोलायचे, हसायचे का, माझ्याबद्दल काही म्हणायचे का. “पोरगी कंप्युटरात आहे, एवढंच म्हणायचे,” तो म्हणाला, “पण सारखं म्हणायचे.”

मी त्याला पुढच्या चौकातलं दुसरं दुकान दाखवलं. वाटत होतं, त्यानं अजून थोडं बसावं. पण त्याचं शेत वाळत होतं. कप खाली ठेवून तो उठला.