उपडा पडून ऐकलेला ईयोब

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकावरची चार भाष्यं मी विकत आणली आणि ईयोबाचं पुस्तक काही वाचलं नाही.

मूळ पुस्तक घरात होतं. माझ्या उशाशीच असायचं. पण मला वाटायचं, आधी जाणकारांना विचारून घ्यावं आणि मग आत पाऊल टाकावं. हॉटेलातून बाहेर येणाऱ्यांना "बिर्याणी कशी आहे हो?" असं विचारत दारात उभा राहणारा आणि विचारता विचारता वेळ संपली म्हणून उपाशी घरी परतणारा एक माणूस असतो ना, तो मी.

विचारायचं काय होतं, तेही सांगतो. माझी बायको सुमन प्रभूमध्ये निजली, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी उपासनेला जात होतो, गीतं म्हणत होतो, पेटीसुद्धा वाजवत होतो. पण घरी एकटा गुडघे टेकले की तोंडातून शब्द फुटेना. देवाशी भांडण असतं तरी परवडलं असतं, भांडणात निदान बोलणं होतं. आमचा अबोला होता. घरात अबोला असला की माणसं तिसऱ्याकरवी निरोप पाठवतात, तसा मी भाष्यकारांकरवी देवाला एकच प्रश्न पाठवत होतो: का?

आमच्या मराठी मंडळीची उपासना दुपारी असते, कारण सकाळी तेच चर्च तेलुगू मंडळी वापरते. त्यामुळे रविवारची माझी सकाळ मोकळी. इथल्या आबिड्स बाजारात फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथं मी जायचो. भाष्य निवडायची माझी पद्धत ठरलेली होती. उभ्या उभ्या पुस्तक उघडायचं, काही गुन्हा नसताना ईयोबाची सगळी मुलंबाळं एका दिवसात गेली ती जागा काढायची आणि हा गृहस्थ कारण सांगतो का ते बघायचं. सांगत असेल असं वाटलं की काखेत मारायचं. घरी येऊन नीट वाचलं की कळायचं, त्यानं सांगितलंय पण मला पटत नाही. मग पुढच्या रविवारी दुसरा. एक जण दर ओळीत इब्री शब्दांची मुळं खणत बसायचा, त्यात ईयोब कुठंतरी मातीखाली जायचा. दुसऱ्याला सगळंच ठाऊक होतं, त्याला वाचताना आमच्या ऑफिसातल्या साहेबांची आठवण यायची. तिसरा इतका गोड होता की दोन पानांनंतर पाणी प्यावंसं वाटे. चौथं भाष्य जुनं, मराठीतलं, कसर लागलेलं. त्यात नेमकी हवी ती जागाच किड्यांनी खाल्ली होती. खरं सांगतो, चौघांत मला तेच जरा प्रामाणिक वाटलं.

आमच्याकडे एक रीत आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी सभा होते आणि ज्याच्या घरी सभा, त्यानंच शास्त्रपाठावर बोलायचं. त्या दिवशी पाळकसाहेब सगळ्यांसोबत सतरंजीवर बसून ऐकतात. माझी पाळी येणार म्हटल्यावर मी भर मंडळीत सांगून टाकलं, "या खेपेला ईयोब घेतो. बराच अभ्यास झालाय माझा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या उजव्या डोळ्यासमोर काळा पडदा उतरू लागला. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. तातडीनं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शिक्षा फर्मावली: डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय, तो पडद्याला नीट दाबून धरायला हवा, म्हणून आठवडाभर उपडं राहायचं. झोपायचं तसंच आणि वाचायचं अजिबात नाही. ज्याला कधी मनापासून देवापुढं पालथं पडता आलं नाही, त्याला डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून पाडलं.

हॉलमध्ये दिवाणाच्या टोकाला मधे भोक असलेली गोल उशी बांधली, तिच्यात माझं तोंड आणि खाली फरशी. माझी चारही भाष्यं समोरच्या कपाटात रांगेत, आणि मला दिसत होते फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय.

माझी सून स्वरूपा तेलुगू. देवनागरी ती शाळेतल्या हिंदीमुळं वाचते. ती म्हणाली, "मामय्या, सभा पुढं ढकला ना. सगळ्यांना काय, तुमची पाठ दाखवायची?" मी ऐकलं नाही. लोक माझं कपाट बघतील, हा लोभ होता. शेवटी ती म्हणाली, "बरं, मी वाचते, तुम्ही बोला. पण माझ्या मराठीला हसायचं नाही."

आता जमील साहेबांबद्दल सांगायला हवं. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आमची ओळख सगळी तक्रारींची. त्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि माझ्या पेटीचा सूर त्यांच्या दुपारच्या झोपेवर. जिन्यात भेटलो की मी मान फिरवायचो. सुमन मात्र त्यांच्या घरी नाताळचा फराळ न चुकता पोचवायची. ती गेली, त्यानंतर तेही थांबलं होतं.

सभेच्या दुपारी मंडळी जमली. दार उघडं, बाहेर चपलांचा ढीग. सगळे गोलाकार बसले, बायकांनी डोक्यावर पदर घेतले, आणि मी आजारी म्हणून पाळकसाहेबांनीच माझी पेटी पुढं ओढून एक संथ, हळवं गीत धरलं. मी पाठीवर चादर घेऊन उपडा पडलेलो. तेवढ्यात दारात कुणीतरी आलेलं जाणवलं. गीत एकदम हळू झालं. पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय सावकाश माझ्या दिवाणाजवळ आले, जरा थबकले, आणि ते माणूस गुडघे दुमडून माझ्या डोक्याशी, थेट फरशीवर बसलं. मला फक्त गुडघे दिसत होते. मग माझ्या पाठीवर एक हात आला. तो तिथंच राहिला.

स्वरूपा वाचायला लागली. अडखळत, एकेक शब्द जुळवत. मी आजवर या पुस्तकातून कारण शोधत धावलो होतो, ती बिचारी चालत होती. ईयोबाचे मित्र लांबून येतात, त्याला ओळखूही शकत नाहीत, मोठ्यानं रडतात, आणि मग त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कितीतरी दिवस कुणी एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे. ही जागा माझ्या चारही भाष्यांत असणारच. पण मी 'का' शोधत होतो, त्यामुळे ती कधी दिसलीच नव्हती. मित्र तोंड उघडतात ते नंतर, आणि तिथूनच त्यांचं चुकायला लागतं.

वाचन संपलं. आता मी बोलायचं होतं. मुद्दे पाठ होते. पण पाठीवरचा तो हात तसाच होता, जड आणि उबदार, काही न विचारणारा. सुमन गेल्यापासून लोकांनी मला पुष्कळ सांगितलं होतं. प्रभूची योजना, ती आता चांगल्या जागी आहे, वेळ हेच औषध. माझ्याजवळ जमिनीवर बसून गप्प राहिलेलं मात्र कुणी आठवेना. कदाचित मीच कुणाला बसू दिलं नसेल. उपडं पडलेल्या माणसाचे अश्रू गालावरून ओघळत नाहीत, सरळ खाली पडतात. माझ्या चांगल्या डोळ्यातून एक थेंब फरशीवर पडला, मग दुसरा.

मग मी बोललो. मुद्द्यांतलं काही नव्हे. म्हटलं, "प्रभू, सुमनची फार आठवण येते रे."

वर्षभरात देवाशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. ते पुरतं बाहेर पडायच्या आत पाठीवरचा हात झटक्यात गेला आणि फरशीवरचे गुडघे उडाले.

"या अल्लाह! ये तो जिंदा हैं!"

जमील साहेब होते. पेटीची तक्रार करायला खाली उतरले, तर बाहेर चपला, आत पदर घेतलेल्या बायका, हळवं गाणं आणि चादरीखाली निश्चल मी. त्यांना वाटलं, मय्यत आहे. "तुमच्यात उलटं ठेवत असतील समजलो मी," ते स्वरूपाला घाबऱ्याघुबऱ्या सांगत होते. आधी ती हसली, मग पाळकसाहेब, मग सगळी सतरंजी. उशीच्या भोकात तोंड खुपसून मीही हसलो. "मामय्या, हसू नका, बुडबुडा हलेल!" असं ओरडता ओरडता स्वरूपालाच ठसका लागला. विवेचन त्या दिवशी झालंच नाही. चहा झाला.

डोळा बराचसा वाचला. अक्षरं जरा वाकडी दिसतात, पण दिसतात. आता मी आधी मूळ अध्याय वाचतो, सावकाश, जमलं तर स्वरूपाकडून वाचून घेतो, आणि मग भाष्य उघडतो. अजूनही आबिड्सला जातो, खोड गेली नाही. पण निवड बदलली आहे. पुस्तकातली सगळ्यात अवघड जागा काढतो आणि बघतो, 'इथं मला कळत नाही' असं हा माणूस कुठं म्हणतो का. म्हणत असेल तर घेतो. माझ्या 'का'चं उत्तर मला मिळालेलं नाही. ते मिळाल्याशिवाय देवाशी बोलायचं नाही, हा हट्ट तेवढा सुटला, आणि तोही मी सोडला असं म्हणवत नाही. मला उपडं पाडून, एका भल्या माणसाची गैरसमजूत करून, कुणीतरी तो हातातून काढून घेतला. ज्यानं घेतला त्याचे मी रोज आभार मानतो.

माणसाचेही मानायचे होते. डोळ्याची पट्टी निघाल्यावर फराळाचा डबा घेऊन वर गेलो. जमील साहेबांनी बसवलं, चहा दिला. मी सगळं मनापासून सांगितलं. म्हटलं, "साहेब, तुम्ही माझ्याजवळ बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. ते गप्प राहणं माझ्यासाठी फार मोठं होतं."

त्यांनी करंजीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, शांतपणे चावला.

"बोलता क्या मियाँ? मय्यत के पास बैठे तो उनकी अच्छी बातां बोलना पडता. मैं बैठ के सोचता रहा, सोचता रहा. आपकी एक बी याद नै आई."