वजा तीनची काच नक्को!

मंडळी, आज हिमायतनगरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी अडून बसले, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

झालं असं की, भाचीच्या लग्नात मी काढलेले निम्मे फोटो धूसर आले. माझी लेन्स जुनी, हाताने फोकस करायची, आणि चष्म्यामुळे डोळा कॅमेऱ्याला टेकतच नाही. धाकटा भाऊ संजू सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, वय झालं तुझं. मोबाईलवर काढ आता."

म्हणून आज व्ह्यूफाइंडरवरच, म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावतो त्या खिडकीवरच, बसणारी चष्म्याच्या नंबरची काच घ्यायला गेले. दुकानदाराने चष्म्याचा कागद पाहून वजा तीनची काच काढली आणि थेट पिशवीत टाकायला लागला.

"पहले लगाके देखती."

"कायकू अम्मा? डॉक्टर लिखे सो नंबर है."

"आँख मेरी है. सब निकालो."

चष्मा काढून एकेक काच लावली. वजा तीनने डोळ्यावर ताण आला. वजा दोनने मात्र खिडकीतल्या बारीक रेघासुद्धा लख्ख दिसल्या! उरलेला वजा एक कॅमेऱ्याच्या खिडकीतच धरलेला असतो.

तिथेच, त्याला विचारून, त्याचा वैतागलेला फोटो काढला. खाली टाकलाय. कपाळावरच्या आठ्या मोजता येतात.

संजू, तूही मोज. चष्मा लावून.