पायाखालचा पेपर

"खाली पेपर घाला हो त्यांच्या. वाजवताना तोंडातलं सगळं गळत असतं त्यातून."

काकू हे शेजारच्या बाईंना हळूच म्हणाल्या. मी मागच्याच खुर्चीवर होते. सहावीत. मस्कतमधल्या दार्सैतच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा पाडवा होता आणि माझे बाबा ट्रम्पेट घेऊन स्टेजवर उभे होते. कोणीतरी इंग्रजी वर्तमानपत्र आणलं, पानं सुटी केली. बाबांनी एक पाय उचलला, मग दुसरा. पेपर खाली सरकला. मग बाबांनी वाजवलं. टाळ्या झाल्या. नंतर एका काकांनी तो पेपर चिमटीत धरून कचऱ्यात टाकला.

ट्रम्पेटमधून गळते ती थुंकी नसते. श्वासाची वाफ नळीत गार होते, तिचं पाणी होतं. वाजवणारा एक छोटी कळ दाबतो आणि ते सोडून देतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी बोलतच नसे. माझं मराठी अडखळायचं आणि यायचं तेही घरचं, सांगलीकडचं. मंडळातल्या मुली हसायच्या. शाळेत सगळं इंग्रजी. तिथे लपता यायचं.

बाबा गावी लग्नाच्या बँडमध्ये होते. आजोबाही. आमच्या जातीनं वाजवायचं, वरात पोचली की मांडवाबाहेर बसायचं, सगळ्यांच्या पंगती उठल्या की जेवायचं. ते सगळं मागे टाकून बाबा मस्कतला ड्रायव्हर म्हणून आले. आईला क्लिनिकमध्ये नर्सची नोकरी मिळाली, म्हणून आम्ही सगळे इथे एकत्र राहू शकलो. काकूंचे यजमान बाबांच्या कंपनीत मोठे साहेब. काकूंनी आम्हाला जात कधी विचारली नाही. आडनाव पुरलं. आमच्या घरी दोनदा आल्या, दोन्ही वेळा त्यांचा उपास होता.

त्या पाडव्यानंतर बाबांनी ट्रम्पेट पलंगाखाली सारलं. "खलास," एवढंच म्हणाले.

वाजवणं सुटलं. ऐकणं सुटलं नाही. रुवीच्या दुकानातून त्यांनी एक सीडी आणली होती, एका फ्रेंच ट्रम्पेटवाल्याची. मस्कतबाहेर बरक्याला जाता-येता गाडीत तीच लागायची. एखादा सूर खूप लांबला की बाबा स्वतःचा श्वास धरायचे. समोर रस्ता, हात स्टिअरिंगवर, आणि ओठ मिटलेले, जणू वाजवतायत.

मी कॉलेज संपवून परत आले त्या वर्षी सीडीतला तोच माणूस मस्कतला वाजवायला आला. आता म्हातारा झालेला. कार्यक्रमाला साहेबांच्या कंपनीचा पैसा होता, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांच्या बंगल्यावर जेवण ठरलं. काकूंचा फोन आला. तुझं इंग्रजी छान आहे, पाहुण्यांची ओळख तू करून दे.

मी मनापासून लिहिली. त्यांचे वडील कापडगिरणीत कामगार. गिरणीच्या बँडमध्ये वाजवायचे, लग्नात आणि मयतात. मुलगा त्यांच्यामागून वाद्याची पेटी घेऊन चालायचा. त्याच बँडमध्ये शिकला. मग पॅरिस, मोठं संगीत विद्यालय, पहिलं बक्षीस, ऑर्केस्ट्रा, देशोदेशीच्या मैफली.

काकूंनी पेन घेतलं आणि वरचा परिच्छेद खोडला.

"हे गिरणी, बँड कशाला? लोकांना वाटेल बँडवाला बोलावलाय. पॅरिसपासून सुरू कर."

मग माझ्याकडे पाहिलं. "तू मनाला लावून घेऊ नकोस हं."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार होते.

पाहुण्यांना हॉटेलवरून बाबांनीच आणलं. मी गाडीपाशी गेले. विचारलं, बोललात का त्यांच्याशी, तुम्हीही वाजवता म्हणून? बाबा हसले नुसते. ड्रायव्हर लोकांचं जेवण मागच्या दाराशी फॉइलच्या डब्यांतून ठेवलं होतं. मी त्यांना खोडलेला कागद दाखवला, वाचून दाखवला. ते बराच वेळ काचेवरची धूळ पुसत राहिले.

"वाच त्या म्हंत्यात तसं. आपल्याला हितं ऱ्हायाचंय."

बाबांचा व्हिसा साहेबांच्या हातात. मी आत गेले.

पाहुणे भिंतीशी उभे होते. ट्रम्पेट ओठांना लावून त्यांनी दोन लांब सूर काढले. मग सहज कळ दाबली. पाणी गालिच्यावर पडलं. काळा डाग. घरात काम करणारी मुलगी फडकं घेऊन वाकली, तर काकूंनी तिचा हात धरला.

"राहू दे गं. कलाकाराचा श्वास आहे तो."

सगळे कौतुकानं हसले. तो बिचारा म्हातारा ओशाळून माफी मागत होता. त्याचा काय दोष.

मला पेपर दिसला. बाबांनी उचललेला पाय दिसला. एक, मग दुसरा.

काकूंनी खूण केली. माइक हातात आला. मी खोडलेल्या परिच्छेदापासूनच सुरुवात केली. गिरणी. बँड. मयत. पेटी घेऊन चालणारा मुलगा. पाहुण्यांनी मान वर केली आणि ते माझ्याकडे पाहत राहिले. काकूंचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. पॅरिसपर्यंत मी पोचलेच नाही. कागद उलटा केला.

उद्या काय होऊ शकतं, मला ठाऊक होतं. व्हिसा, नोकरी, परतीचं तिकीट. बाबांनी नको म्हटलं होतं, तेही ठाऊक होतं. पण ते पुन्हा पाय उचलतील आणि मी मागच्या खुर्चीवरून बघत बसेन, हे आता होणार नव्हतं.

यापुढचं इंग्रजीत बोलायचं नव्हतं. ज्यांना कळायला हवं होतं ते मराठी होते. मी काकूंकडे वळले. घरचंच मराठी आलं, आणि अडखळलं नाही.

"माजं बाबा बँडवालं हायत. भाईर गाडीपशी हुबं हायत. मी त्यास्नी आत आणाय चाललीया. पेपर घालायचा आसंल तर काकू, आदी हितं घाला, ह्या गालिच्यावर."