तोंडात चहा, हात खाली

लष्कराच्या हेलिकॉप्टर शाळेचं बोलावणं आलं तेव्हा वर्ग सुरू व्हायला चार महिने होते आणि माझ्याकडे सतरा पुस्तकं होती. फिरतं पातं हवेत वजन कसं उचलतं, कुठल्या ढगाच्या वाटेला जायचं नाही, नकाशा कसा वाचायचा, वायरलेसवर किती कमी बोलायचं, सगळं त्यांत होतं. शिवाय मशीनचं जाडजूड लष्करी पुस्तक. त्याच्या पाचव्या प्रकरणात मशीनच्या मर्यादा आणि नवव्यात संकटं. पोरं त्याला नुसतं ‘पाच-नऊ’ म्हणतात आणि शब्दन् शब्द पाठ करतात, कारण रोज सकाळी शिक्षक टेबलाशी बसून कुणाकडे तरी बोट दाखवतो आणि त्यानं उभं राहून ते घडाघडा म्हणायचं असतं. एक शब्द चुकला की त्या दिवशी उडणं बंद. मी पहिल्याच महिन्यात सगळं पाठ केलं आणि स्वतःवर जाम खूश होतो.

खोली मिळाली ती मिस व्हर्लीन हटो यांच्या घरी, अमेरिकेत अलाबामाच्या दक्षिण टोकाला, लष्करी तळाच्या कुंपणापासून दोन मैलांवर. चारी बाजूंना भुईमूग. बाईंनी बावीस वर्षं तळावरच्या एका कचेरीत त्या पुस्तकाची सुधारलेली पानं टाइप केली होती. स्वल्पविराम कुठे आहे आणि कुठे नाही हे त्यांना तोंडपाठ होतं. हेलिकॉप्टरमध्ये मात्र त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी सतरा पुस्तकं उचलून फ्रीजवर ठेवली.

“वाचलीस ना?”

“हो, मॅम.”

“मग त्यांना आता आराम करू दे. हात धू आणि त्या खुर्चीत बस.”

स्वयंपाकघरातल्या त्या लाकडी खुर्चीच्या डाव्या बाजूला जुन्या ट्रकचा हातब्रेक बोल्टांनी घट्ट बसवलेला होता. गुडघ्यांमध्ये धरायला मॉपचा दांडा, पायांखाली दोन विटा. समोर टेबलावर मोठा पंखा घरघरत होता. तो पंखा म्हणजे इंजिन, हातब्रेक म्हणजे मशीनचा डावा दांडा. डोळे मिटून खुर्चीत उडण्याचा सराव आमच्याकडे सगळेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बाईंची एक जगावेगळी अट होती. बसण्याआधी त्या बर्फाचा गोड चहा पुढे करत. एक मोठा घोट तोंडात घ्यायचा आणि गिळायचा नाही. मग त्या कधीतरी मागून पंख्याचं बटण बंद करत. आवाज बदलला की त्याच क्षणी डावा हात खाली गेला पाहिजे, तोंडातला चहा तसाच पाहिजे. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की डावा दांडा लगेच खाली ढकलावा लागतो. मग पातं वाऱ्यावर फिरत राहतं आणि माणूस सावकाश उतरतो. दोन सेकंद उशीर झाला की पातं मरतं, आणि मेलेलं पातं पुन्हा फिरत नाही.

माझा जोडीदार ऑर्टेगा शेजारच्या खोलीत राहायचा. एका शिक्षकाकडे दोघं दोघं शिकतात, तसे आम्ही नेमले गेलो होतो. तो म्हणाला, “चहाच्या गुळण्या करून पायलट होता येतं हे आधी कळलं असतं तर मी कॉलेजात चार वर्षं घासली नसती.”

“तू घासली असतीस तर अशी इंजिनाच्या आधी जीभ चालली नसती,” बाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भेंडी वाढली.

मलाही ते थोतांड वाटायचं. पहिले आठ दिवस पंखा थांबला की माझ्या तोंडून आधी नवव्या प्रकरणातल्या सहा ओळींपैकी पहिली यायची, ‘दांडा खाली’, मग चहा शर्टावर यायचा आणि मग हात हलायचा. आमच्यासारख्यांची खोड ती हीच. पाठ करताना इतकं म्हटलेलं असतं की म्हटलं म्हणजे केलं असं वाटायला लागतं.

त्या घरात आणखी काही गोष्टी होत्या. जेवणाच्या टेबलावर एक जागा रोज मांडलेली असायची, ताट, काटा, पेला, आणि तिथे कुणी बसायचं नाही. वर फळीवर जुना रेडिओ होता, त्याची वायर कापलेली. आणि रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बाई हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या.

सहाव्या आठवड्यातली गोष्ट. मी खुर्चीत डोळे मिटून, तोंडात चहा धरून बसलो होतो. पंख्याच्या घरघरीखाली मला पुटपुटणं ऐकू आलं. दांडा खाली. पायांनी नाक सरळ. वेग राखा. जागा निवडा. जमिनीजवळ नाक उचला. दांडा वर, अलगद टेकवा. सहाही ओळी, बाई शिकवायच्या त्याच संथ चालीत, स्वल्पविरामाला थांबून. मला वाटलं, बाईच मागे उभ्या राहून म्हणताहेत. शेवटच्या शब्दानंतर पंखा थांबला. मी हात खाली नेला, चहा गिळला आणि मागे वळलो. मागे कुणी नव्हतं. बटण चालूच होतं. खिडकीतून दिसलं, बाई अंगणात दोरीजवळ उभ्या होत्या, ओली चादर छातीशी धरून. घड्याळात दोन दहा झाले होते.

बाई आत आल्या. मी विचारलं, “मिस व्हर्लीन, ते कोण होतं?”

त्यांनी खुर्ची ओढली. “तुलाही ऐकू आलं तर.”

“आलं.”

“किती ओळी?”

“सगळ्या. सहा.”

“सहाच येतात,” त्या म्हणाल्या. मग चादरीची घडी घालत सांगू लागल्या. “लाईल पिकन्स. माझ्याकडे राहिलेला पहिला मुलगा. एकोणीस वर्षं झाली. त्याच्या हातात तेव्हा खुर्ची-बिर्ची काही नव्हती, नुसते शब्द होते. मीच घोटून घेतले. भाजी निवडताना, गाडीत, चर्चहून येताना. त्याला सांगितलं, एकदा सुरू केलंस की मधे थांबायचं नाही, काहीही झालं तरी शेवटपर्यंत म्हणायचं. शाळेत त्याच्यासारखं कुणी म्हणत नव्हतं. मला इतका अभिमान वाटायचा रे. मग तो पहिल्यांदा एकटा उडाला, आणि मी इथे तळावरचं बोलणं पकडणारा रेडिओ लावून बसले.” त्यांनी फळीकडे पाहिलंही नाही. “दोन दहाला, सहाशे फुटांवर इंजिन गेलं. त्याचं बोट वायरलेसच्या बटणावर दाबलेलं राहिलं. सगळं ऐकू येत होतं. त्यानं पहिल्या ओळीपासून सुरू केलं. एक शब्द चुकला नाही. स्वल्पविरामालासुद्धा थांबला, मी सांगितलं होतं तसा. अगदी ‘अलगद टेकवा’पर्यंत गेला. हात हललाच नाही. नंतर चौकशीवाल्यांनी सांगितलं, दांडा वरच होता.”

मी त्यांच्यासमोर एक पेला पाणी ठेवलं.

“आणि तो अजून म्हणतोय,” त्या म्हणाल्या. “मीच सांगितलंय ना, मधे थांबायचं नाही. मग कसा थांबेल?”

त्या दिवसापासून मी चहावरून एकदाही कुरकुर केली नाही. ऑर्टेगानंही केली नाही. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण माझा चेहरा त्यानं पाहिला होता. दिवसाला चाळीस-चाळीस वेळा पंखा थांबायचा. जेवताना, फोनवर आईशी बोलताना, हजामत करताना. शेवटी शेवटी बाजारात दुकानदारानं आपला पंखा बंद केला तरी माझा डावा हात खाली जायचा आणि लोक बघायचे.

वर्ग सुरू झाले. आमचे शिक्षक मिस्टर गॅस्किन, जुनं खोड, शिव्या द्यायचे पण हात सोन्याचा. तेराव्या दिवशी सकाळी मी मशीन चालवत होतो, ते शेजारी, ऑर्टेगा जमिनीवर पाळीची वाट बघत. सातशे फूट. खाली भुईमूग उपटून ओळींनी पालथा वाळत घातलेला होता. इंजिन बंद पडलं. सरावासाठी मिस्टर गॅस्किन मुद्दाम कमी करायचे तसं नाही, खरंच बंद पडलं.

मी घाबरलो वगैरे नाही, तेवढा वेळच नव्हता. आवाज बदलला आणि हात खाली गेलेला होता. जिभेवर गोड चहाची चव होती, शपथेवर सांगतो. आणि हेडफोनमध्ये कुणीतरी संथ चालीत बोलू लागलं. दांडा खाली. पायांनी... पाय सरळ झालेच होते. तिथे आवाज अडखळला आणि थांबला. नंतर फक्त वारा ऐकू आला. मी दोन वाफ्यांच्या मधली सपाट जागा धरली, जमिनीजवळ नाक उचललं, पात्याची उरलीसुरली गती वापरून मशीन टेकवलं. दाताला दात लागला इतकंच.

मिस्टर गॅस्किन उतरून सरीत बसले. सिगारेट पेटवायला त्यांना तीन काड्या लागल्या. “हात झकास,” ते म्हणाले. “पण तोंड आवरायला शीक, लेका. संकटात कानात बडबड नको.”

“मी बोललो नाही, सर.”

“मग काय माझी बायको बोलली?”

“मला वाटलं तुम्ही.”

त्यांनी सिगारेट संपवली. त्यांच्या अहवालात त्या आवाजाचा उल्लेख नाही, मी नंतर वाचला.

सही-शिक्के उरकून मी घरी पोचलो तेव्हा दोनला पाच कमी होते. बाई ओसरीवर वाटाणे सोलत होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती, असल्या गावात पोचतेच. त्यांनी मला जवळ ओढून खांदे, हात चाचपून पाहिले. मग माझा चेहरा बघून हळूच विचारलं, “आला होता?”

“हो, मॅम.”

“किती ओळी म्हणाला?”

“एक. दुसरी अर्धी. मग थांबला.”

“थांबला?” त्यांच्या मांडीवरचं पातेलं घसरलं आणि वाटाणे ओसरीभर झाले. “मधेच?”

“मधेच. माझा हात आधीच खाली गेला होता.”

आम्ही आत गेलो. पंखा चालू होता. बाईंनी मांडलेल्या रिकाम्या जागेवरचा पेला उचलला, त्यात चहा ओतला आणि एक घोट तोंडात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या, घड्याळाकडे बघत. मी बाजूला उभा होतो. दोन दहा झाले. घरघर तेवढी चालू होती, तिच्याखाली एकही ओळ नव्हती. दोन अकरा झाले, बारा झाले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ मिटलेले होते.

सव्वादोन वाजता त्यांनी घोट गिळला.