पॉलिशच्या झाकणांचा नंदी

त्या उन्हाळ्यात आमची पोस्टिंग लडाखमधल्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, गाव रामाकोना, नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात. माझ्या सेक्शनमधला नाईक विलास तिथल्याच पांढुर्ण्याचा. आम्ही दोघं आपल्या बोलीत सुरू झालो की बाकीचे म्हणत, "लो, नागपूर स्टेशन आ गया."

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, मग ड्यूटी. मोकळा वेळ मिळाला की विलासचे हात चालू. रजेवर जाणारा एकही जवान त्यानं रिकाम्या हातानं जाऊ दिला नाही. कोणाच्या आईला चहाच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचं फूल, कोणाच्या बायकोला जुन्या मोज्यांच्या लोकरीनं मढवलेली फ्रेम. फेकायच्या मालातून असं काही काढायचा की, बाप्पा, आपण पाहतच राहायचं!

त्या वर्षी तो नंदी करत होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं सजवलेला लाकडी बैल, म्हणजे नंदी, दोरीनं ओढत घरोघर जातात. त्यांना खाऊ, पैसे मिळतात, त्याला बोजारा म्हणतात. विलासची पोरगी पिहू तेव्हा पाच वर्षांची.

"मागच्या साली शेजारच्या पोराचा नंदी मागून नेला तिनं," विलास म्हणाला. "त्यानं अर्ध्या रस्त्यात हिसकला. रडत घरी आली. यंदा काहीबी होवो, तिच्याजवळ सोताचा नंदी पाहिजे."

"अन् तुले सुट्टी नाही भेटली तं?"

"तू जाऊन राहिला न पोळ्याले. तू ने."

अंग राशनच्या पेटीच्या लाकडाचं. चाकं बूट पॉलिशच्या डब्यांच्या झाकणांची. झूल पॅराशूटच्या फाटक्या कापडाची, त्यावर लोकरीची वेल. डोळ्यांच्या जागी काळी बटणं. फक्त शिंगं लावायची राहिली होती.

माझी रजा जवळ आली तेव्हा खालच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली. विलास लाइन पार्टी घेऊन उतरला. मी रेडिओ सेटवर होतो. सेटवर आमच्या पोस्टचं नाव 'टायगर'. दुपारी ऊन तापलं, बर्फ सैल झाला आणि वरून दगड सुटले.

"टायगर, लाइन पार्टी. स्टोन फॉल. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

नुसती खरखर. मग आवाज आला, "नाईक विलास. ही इज नो मोर. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो, म्हणजे निरोप मिळाला. दुसरं काय म्हणणार? सेट सोडून उठता येत नव्हतं. ड्यूटी संपल्यावर बाहेर गेलो आणि लेकरासारखा रडलो.

हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. नंदी त्याच्या पलंगाखालीच राहिला.

शिंगं मी लावायला बसलो, पण दोनदा खिळा वाकडा गेला. सेक्शनमधल्या हरियाणाच्या सतबीरनं नंदी काढून घेतला. "छोडो उस्ताद, हम करते हैं." तमिळनाडूचा मुरुगन त्याच्या मदतीला बसला. निघायच्या दिवशी दोघांनी कांबळ्यात बांधलेलं बोचकं दिलं. उघडून पाहतो तर दोन बैल! दुसरा नवाकोरा. त्याची शिंगं उंच, लाल-हिरवी रंगवलेली, मुरुगनच्या गावच्या तऱ्हेची.

माझं डोकंच फिरलं. "अबे, ये क्या किया? तान्हे पोळे में एक ही लगता है!"

सतबीर शेतकऱ्याचा पोरगा. म्हणाला, "बैल अकेला नहीं भेजते, उस्ताद. जोड़ी होती है."

आता याला काय समजावू? दोन्ही घेतले.

पांढुर्ण्याला उतरलो तो पोळ्याचाच दिवस. गल्लीतल्या सगळ्या दारांना तोरणं होती, विलासच्या दाराला नव्हतं. दुःखाचं साल, घरात सण नाही. मी बोचकं विलासच्या बायकोपुढे, सुनीता वहिनींपुढे ठेवलं. "विलासनं पिहूसाठी..." म्हणत मी कांबळ्याची गाठ सोडली.

वहिनी झुलीवरून हात फिरवत राहिल्या. "यंदा आमच्या घरी सण नाही, भाऊजी. लोक काय म्हणतीन?" मग बोट वेलीवर थांबलं. "त्यांचाच हात आहे हा." त्यांनी नंदी मांडीवर घेतला. "जाईल पिहू उद्या. बापानं धाडला अन् मी कोपऱ्यात ठेवू?"

सकाळी पिहूनं दोन्ही नंदी एका दोरीला बांधले. "बेटा, एकच नेतात," मी म्हणालो. तिनं ऐकलंच नाही. मी मागून चाललो. पहिल्याच दारात म्हातारी हसली, "काऊन वं, तान्ह्या पोळ्याले जोडी?"

"हा माहा," पिहूनं दाखवलं. "अन् हा बाबाचा. बाबाले बी बोजारा द्या."

म्हातारीचं हसू गेलं. ती आत गेली आणि दोन मुठी भरून खाऊ घेऊन आली. मग गल्लीतल्या प्रत्येक दारात दोन वाटे मिळाले. घरी आल्यावर पिहूनं एक वाटा बाबाच्या फोटोपुढे ठेवला आणि दुसरा खायला बसली.

आता पिहू कॉलेजात जाते. झाकणं गंजली की मी नवी बसवतो. मी रिटायर झालो, बुटाला पॉलिश लागत नाही, तरी डब्या आणतो. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला गल्लीतलं सगळ्यात लहान लेकरू ती जोडी ओढतं, आणि हरियाणातून फोन येतो.

"उस्ताद, जोड़ी निकली?"

"निकली."

"विलास का हिस्सा?"

"फोटो के सामने रखा है."

"रॉजर," सतबीर म्हणतो.