मुशीच्या तेलाचा फुटबॉल

आधी चहा पिऊन घ्या बरं. थट्टा नाही करत. मी हा किस्सा सुरू केला की माझी मुलगी नाकाला पदर लावते आणि जावई अंगणात निघून जातो. घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातले, पण ज्याचा वास मैलावरून आला असा घोळ हा एकच!

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. आमचं गाव चौक, उत्तनच्या शेजारचं. सकाळी होडीवर जायचं आणि संध्याकाळी वाळूत फुटबॉल खेळायचा, हा आम्हा पोरांचा धंदा. बूट एकाकडेही नव्हते. गोलाचे खांब म्हणजे बोंबील सुकवायचे बांबू. सामना असला की आमच्या आया बोंबील उतरवून द्यायच्या, आणि उतरवताना आमचा असा काही उद्धार करायच्या की विचारू नका.

त्या वर्षी आमच्या टीमने पहिल्यांदा लीगमध्ये नाव घातलं. किनाऱ्यावरची गावं आणि मुंबईतल्या कचेऱ्यांच्या टीमा अशी ती लीग. सुरुवातीला जो येईल तो आम्हाला बडवून जायचा. मग पावसाळा लागला, होड्या किनाऱ्याला ओढल्या, आणि आम्हाला दिवसभर खेळण्याखेरीज कामच उरलं नाही. काय झालं कोण जाणे, आम्ही जिंकायलाच लागलो! पाऊस सरला तेव्हा एकच सामना उरला होता. त्यात नुसती बरोबरी झाली तरी मुंबईच्या मोठ्या कपात आमची जागा पक्की. त्या कपाला पार कलकत्त्याहून टीमा यायच्या. आणि त्यांच्यात आम्ही, चौकचे अनवाणी कोळी! गावात कुणाला झोप लागेना.

मी गोली होतो. आता गोली म्हणून मी कसा होतो ते मलाच विचारताय, तर बरा होतो. बाकीच्यांना विचारलंत तर वेगळं ऐकाल. मला काढून टाका असं निम्मी टीम म्हणत होती. पण आमचा कॅप्टन पास्कूदादा, माझा चुलतभाऊ, कुणाचं ऐकायचा नाही. म्हणायचा, "अंतोन हाय तो हाय. गोलात तोच उबा र्‍हानार." त्या माणसाचे उपकार मी कुठे फेडू? फेडायला गेलो, तेच तर सांगतोय!

टीमकडे बॉल एकच. लढाईमुळे कातडं सगळं शिपायांच्या बुटांना जात होतं, दुसरा बॉल मिळायची सोय नव्हती. पास्कूदादा तो तांदळाच्या पिंपात ठेवायचा. पण शेवटच्या सामन्याच्या आधी त्याला होडी घेऊन लांब जायचं होतं, म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला. "संबाल रं. ह्यो गेला तं समदं गेलं."

मी बॉल निरखून पाहिला. पावसात भिजून, उन्हात वाळून, खाऱ्या वाळूत लोळून त्याला भेगा पडल्या होत्या. पाणी तर असा प्यायचा की पावसातल्या एका सामन्यात त्याला डोकं लावून पास्कूदादा बराच वेळ मलाच "आय" म्हणत होता.

मागे मुंबईत एका सामन्याला गेलो होतो, तेव्हा तिथला एक माणूस बॉलला काहीतरी चरबीसारखं चोळत बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "याने कातडं पाणी पीत नाही आणि फाटतही नाही." ते मला आठवलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हे तर आपण रोज करतो! होडीच्या लाकडाने पाणी पिऊ नये म्हणून आपण काय लावतो? मुशीचं तेल! मुशी म्हणजे आमचा शार्क. तिच्या काळजाचं तेल काढून आम्ही होडीला चोपडतो. घरामागे त्याचा अख्खा डेरा भरलेला होता.

बसलो मांडी घालून. होडीला दोन हात देतात, मी बॉलला चार दिले. शिवणीत तर बोटाने जिरवलं. हौसेला मोल नसतं ना! मग पुसला आणि सावलीत टांगला. सकाळी पाहतो तर नव्या नवरीसारखा चमकत होता.

तरी मला एक शंका आलीच. एवढा काही मी हा नव्हतो. मी बॉल आयच्या नाकाखाली धरला. "आय, वास येतं का गो याला?"

तिने चांगला हुंगला. "कसला वास? मना तं काय वास येत न्हाय."

मी हुंगला. मलाही नाही. शेजारी विचारलं, तिथेही नाही. आता तुम्हीच सांगा, ज्या गावात दारात बोंबील, छपरावर मांदेली आणि परसात तेलाचा डेरा, तिथे कुणाला काय वास येणार? पास्कूदादा परत आला, त्याने बॉल पाहिला आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला भरून आलं. "बगा! आनि तुमी म्हनता अंतोनला काडा!"

दुपारी मुंबईची टीम आली. एका मोठ्या कचेरीतले कारकून. भाईंदरला उतरून मिठागराच्या कडेने बैलगाडीतून आलेले, पांढरे शुभ्र शर्ट, पायात बूट. त्यांचा कॅप्टन कामत नावाचा, भारी सभ्य माणूस. गाडीतून उतरल्यापासून त्याचा रुमाल नाकाला होता. मला वाटलं, बिचाऱ्याला सर्दी झालीय.

रेफ्री म्हणून रेल्वेतले एक गार्डसाहेब आले होते. त्यांनी शिट्टी वाजवली आणि सामना सुरू झाला.

थोडा वेळ सगळं झकास चाललं. पण मंडळी, लाकूड तेल पितं आणि गप्प बसतं. कातडं तसं नसतं! वर ऊन, खालून लाथा, बॉल तापला आणि प्यायलेलं सगळं तेल घामासारखं बाहेर टाकायला लागला. आमच्या फॉरवर्डने लांबून एक साधी लाथ मारली, त्यांच्या गोलीने बॉल छान झेलला आणि तो त्याच्या हातातून सुळकन मागे गोलात!

गावाने काय आरडाओरडा केला! बायकांनी टोपल्या उडवल्या. मी माझ्या गोलात एकटाच नाचलो. मग पाहतो तर पलीकडे घोळका जमलेला. गार्डसाहेब बॉल हातात घेऊन उभे, कामत बॉलकडे बोट दाखवून बोलतोय, त्यांचा गोली हात हुंगतोय.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बॉलची चमक बघून हे लोक विचारतायत की ही करामत कुणाची! म्हटलं, आपलं नाव कुणी घेतलं नाही तर? सुटलो धावत.

"ये बॉल को क्या लगाया है?" गार्डसाहेब पास्कूदादाला विचारत होते.

पास्कूदादाने हुंगलं. "कायच न्हाय साहेब. बॉलचाच वास हाय."

"बॉल का वास ऐसा होता है?"

तेवढ्यात मी धापा टाकत पोचलो, छाती काढली आणि म्हणालो, "मी लावलं साहेब! मुशीचं तेल. अस्सल! चार हात दिलेत!"

पास्कूदादाने डोळे मिटून घेतले.

कामतचा रुमाल नाकावरून खाली आला. "ऐकलंत? कबूल करतायत! आमच्या गोलीच्या हातातून बॉल निसटावा म्हणून मुद्दाम तेल चोपडलंय. ही शुद्ध लबाडी आहे!"

लबाडी! गार्डसाहेब गंभीर झाले. "मॅच पूरा करो. बाद में मैं कमिटी को बोलूंगा. साबित हुआ तो तुम्हारा पूरा सीझन खतम. कप भी गया."

झालं! वर्षभराची मेहनत, पावसातल्या त्या चिखललोळ्या, सगळं माझ्या चार हातांत बुडालं. दुसरा बॉल असता तर बदलला असता. तो नव्हताच. गार्डसाहेबांनी शहाणपणा करून बॉल वाळूत घोळवला. तेलावर वाळू! रव्यात घोळवलेल्या पापलेटासारखा दिसायला लागला. आणि ती वाळू डोक्यांत नि डोळ्यांत जायला लागली ती वेगळीच.

त्यात गावातल्या कुत्र्यांना पत्ता लागला. आमचाच काळू सगळ्यांच्या पुढे. ज्याच्या पायात बॉल त्याच्यामागे कुत्री. मुंबईचा एक गोरटेला फॉरवर्ड बॉल घेऊन निघाला आणि मागे वळून बघितल्यावर बॉल सोडून जो पळाला, तो थेट आमच्या घरात शिरला. माझ्या आयने त्याला पाणी दिलं. बाकीच्या बायका बोंबलांचे बांबू घेऊन कुत्री हाकलत होत्या. गार्डसाहेबांची शिट्टी कुणाला ऐकूच येत नव्हती.

अशात शेवटची काही मिनिटं राहिली. आम्ही एका गोलने पुढे, पण तोंडं सुतक्यासारखी. जिंकून उपयोग काय? कामत स्वतः बॉल घेऊन आला आणि त्याने लाथ मारली. लाथ कसली, थकलेल्या माणसाने सरकवलेला बॉल! माझ्या आयने बसल्या जागेवरून अडवला असता. मी वाकलो, दोन्ही हातांनी धरला. पक्का!

तेव्हा थांबायचं ना? पण नाही. मनात आलं, हा म्हणतो तेलाने बॉल निसटतो. याला दाखवूया, तेल असो की काही असो, अंतोनचे हात म्हणजे हात! म्हणून मी बॉल डोक्याच्या वर उचलला, गावाला दाखवायला.

तो हातांतून सुटला, माझ्या टाळूवर आपटला, पाठीवरून घरंगळला आणि गोलात जाऊन बसला. वर काळू त्याला चाटायला लागला.

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मग कुणीतरी हसलं. बघतो तर कामत! वाळूत फतकल मारून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसतोय. मग त्याचा गोली, मग गार्डसाहेब, मग गाव. शिट्टी झाली, एक-एक बरोबरी.

कामत उठला, डोळे पुसले आणि गार्डसाहेबांना म्हणाला, "साहेब, कमिटीला काही सांगू नका. लबाडी करणारा माणूस स्वतःवर असा डाव टाकत नाही. हा खरोखरच भोळा आहे." भोळा म्हणजे काय ते मला कळलं. पण त्या माणसाने पुढे काय केलं ठाऊक आहे? आयच्या हातचं जेवून जाताना पास्कूदादाला म्हणाला, "कपाला आमचा बॉल न्या. हा आणलात तर आम्हाला मुंबई सोडावी लागेल." आणि खरंच बॉल पाठवला हो! ज्यांना आम्ही वासाने मारलं, त्यांनी! अजून त्याच्यासाठी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावतो.

संध्याकाळी टीम पास्कूदादाच्या अंगणात जमली. या वेळी निम्मी नाही, सगळीच टीम मला काढायला निघाली होती. मीच उठून म्हणालो, "दादा, मी जातो."

"बस खाली," पास्कूदादा म्हणाला. "याचा गोल झाला म्हनून आपला सीजन वाचला. अंतोन टीममदनं जानार न्हाय." मला रडूच आलं. तेवढ्यात तो म्हणाला, "पन याच्यापुडं अंतोननं बॉलला हात लावायचा न्हाय."

"अरं, गोलीनं हात लावायचा न्हाय तं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"गोलात न्हाय. तो बॅकला खेलंल."

असा मी बॅक झालो. टीमबाहेर बसवला असता तर कोण काय बोललं असतं? पण त्याने मला कपाला नेलं. मुंबईचं हिरवं मैदान, हजारो माणसं, आणि त्यात मी, चौकचा अंतोन. पास्कूदादामुळे, कामतच्या बॉलने. मनात दोघांचे आभार मानत उभा होतो, डोळे भरून आलेले. इतक्यात बॉल उंचावरून माझ्याकडे आला, आणि मी आमच्या गोलासमोर उडी मारून तो दोन्ही हातांनी झेलला!

पेनल्टी! त्या एका गोलने आम्ही कपाबाहेर. पास्कूदादा नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला. पण खरं सांगू? बॉलला तेल नव्हतं ना, झेल असा घट्ट बसला की तसा मी गोली असताना एकदाही घेतला नव्हता!