शिडीवाल्याची बायको

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं. तिथे चादरींना इस्त्री करणाऱ्या यंत्रापाशी ती एकोणीस वर्षं उभी होती. एकीकडून ओलसर चादर आत सारायची, दुसरीकडून कडक, गरम बाहेर ओढायची. तिचं बोलणंही तसंच. त्यात एक सुरकुती खपायची नाही. म्हणून खात्यात सगळे तिला 'इस्त्री' म्हणत. नवऱ्याच्या कानावर हे गेलं तेव्हा तो हसून हसून लाल झाला. "म्हणजे माझी इस्त्री तिकडे अख्ख्या इस्पितळाची इस्त्री झाली म्हणायची!"

"गप्प बसा, नाहीतर जिभेवरून फिरवीन," ती म्हणाली होती.

नवरा अग्निशमन दलात शिडीच्या गाडीवर होता. पुढे आलेलं पोट, उजवा गुडघा कुरकुरणारा, पान उलटताना ओठ हलवायची सवय. घरी भांडी घासायचा आणि दर खेपेला एकतरी फोडायचा. सुट्टीच्या रविवारी सकाळी मात्र कपडे करून निघायचा. "परेड आहे," म्हणायचा. तिने कधी खोदून विचारलं नाही. चादरी ओढून ओढून तिचे खांदे भरून यायचे, रविवारी तेवढीच झोप.

एका दुपारी फर्निचरच्या गोदामाला आग लागली. तिसऱ्या मजल्यावर कामगार अडकले होते. शिडीची गाडी वेळेवर पोचली, पण शिडी एक टप्पा वर गेली आणि अडली. तेव्हा शिडीवाला जिन्याने वर गेला. दोघांना खाली आणलं. तिसऱ्यासाठी पुन्हा गेला आणि जिनाच खाली आला.

निरोप आला तेव्हा इस्त्री आपल्या यंत्रापाशी होती. तिने हातातली चादर पूर्ण बाहेर काढली, घडी घातली, चळतीवर ठेवली आणि मग विचारलं, "आहेत का?" निरोप्याने मान खाली घातली.

त्यानंतर माणसांची रीघ लागली. वर्तमानपत्रात फोटो आला, पण वीस वर्षांपूर्वीचा, कारण त्यात पोट नव्हतं. चौकात पुतळा बसवायचं ठरलं. जो तो 'शूर, शूर' करू लागला. अडलेल्या शिडीचं नाव कुणीच काढेना. सुरुवातीला तिच्याही ते ध्यानात आलं नाही. रडणाऱ्या माणसाला हिशेब सुचत नाही.

तीन महिन्यांनी दलातून त्याच्या कपाटातलं सामान आलं. दाढीचं सामान, गुडघ्याचा पट्टा, आणि खाकी कागदाची कव्हरं घातलेल्या एकतीस चित्रकथा. मालिकेचं नाव 'वीर पुरवठा कंपनी'. तिने मधलाच एक अंक उघडला. त्यात पोलादराव नावाचा उडणारा महाबली पुलावरून लोंबकळणारी बस मागून पकडून उचलतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो, आणि पुढच्या उघड्या दारातून उतारू एकेक करून नदीत पडत राहतात. शेवटच्या चौकटीत तो रिकामी बस डोक्यावर धरून उभा आहे आणि खाली टाळ्या. पुढच्या पानावर झाडूवाली मावशी काठावरच्या चपला गोळा करतेय आणि पोलादरावाला अशी शिवी देतेय, की इस्त्रीने अंक खाडकन मिटला.

"ही असली घाण वाचायचे हे?" ती लेकीला म्हणाली.

लेक तेवीस वर्षांची. बापाच्या जागी दलाच्या नियंत्रण कक्षात नोकरी मिळावी म्हणून तिने अर्ज केला होता आणि रोज त्या फाईलची वाट बघत होती. "रद्दीत घाल," ती मान वर न करता म्हणाली.

अंकांच्या मागे एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा शिक्का होता. रद्दीत घालण्यापेक्षा जिथून आले तिथे परत द्यावेत, म्हणून रविवारी सकाळी इस्त्री गठ्ठा घेऊन गेली. दुकानाच्या मागच्या खोलीतून भांडणाचा आवाज येत होता.

"पोलादराव दुष्ट नाही!" एक टकला माणूस टेबलावर बोट आपटत होता. "तो भित्रा आहे. सोळाव्या अंकात त्याचे हात बघा, थरथरताहेत."

"भित्रा माणूस घरी बसतो," समोरची चष्मेवाली बाई म्हणाली. "हा रोज उडतो."

"कॅमेरा असला तरच उडतो!"

"मग तो भित्राही नाही आणि दुष्टही नाही," दुकानदार म्हणाला. "नोकरदार आहे."

तेवढ्यात त्याची नजर दारात गेली. त्याने खाकी कव्हरं ओळखली आणि टकल्याला खूण केली. टकला उठला, स्वतःची खुर्ची पुसली आणि म्हणाला, "वहिनी, बसा."

टकला दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणारा कारागीर होता. पोलादरावाच्या एका ठोशात चौतीस दात उडालेले दाखवले, म्हणून त्याने मालिकेच्या चित्रकाराला खरमरीत पत्र पाठवलं होतं. चष्मेवाली शाळेत गणित शिकवायची. शिडीवाला सात वर्षं इथे यायचा, हे त्यांनीच तिला सांगितलं.

"म्हणजे ही परेड होय!" इस्त्री म्हणाली. तिला राग आला होता, आणि कितीतरी दिवसांनी हसूही. दोन्ही एकदम आल्याने ठसकाच लागला. दुकानदाराने पाणी दिलं.

"काय बोलायचे ते इथे?"

"फार नाही," गणिताच्या बाई म्हणाल्या. "आम्ही तासभर डोकेफोड करायचो आणि शेवटी ते एकच विचारायचे, 'पण शिडी कुठेय?' आधी आम्हाला वाटलं, थट्टा करतात. मग एकदा त्यांनी समजावलं. म्हणाले, या चित्रातल्या शहरात एकही शिडी नाही, बघितलंत का? एकतीस अंकांत एकसुद्धा नाही. उडणारा वीर पोसला की शिडी दुरुस्त कोण करतो?"

"घाबरायचे ते," कवळीवाला हळूच म्हणाला. "उघड सांगायचे. म्हणायचे, भोंगा वाजला की पोटात गोळा येतो. शिडी तीन वर्षं नीट उघडत नाहीये, एक दिवस माझाच पोलादराव होणार."

इस्त्रीने हातातला पेला खाली ठेवला. "तीन वर्षं?"

बाईंनी गठ्ठ्यातला चौदावा अंक ओढला आणि शिडीवाल्याने एकदा दाखवलेल्या कव्हरच्या घडीतून चार कागद काढले. शिडीच्या दुरुस्तीसाठी केलेले चार अर्ज. त्याच्या बसक्या अक्षरात, प्रत्येकावर तारीख आणि पोच मिळाल्याचा दलाचा गोल शिक्का.

ती अंक परत द्यायला गेली होती. परत घेऊनच आली.

वर्ष उलटल्यावर पुतळ्याच्या अनावरणाचा दिवस ठरला. दलाचे मोठे साहेब स्वतः घरी आले. सोबत तिच्या भाषणाचा टाइप केलेला कागद होता. तिने चहा दिला आणि त्यांच्यासमोर चारही अर्ज मांडले.

साहेबांनी चष्मा लावला, अर्ज वाचले, चष्मा काढला. "वहिनी, तो माणूस माझ्या भावासारखा होता. पण आता हे उकरून काय हाती लागणार?"

"शिडी दुरुस्त झाली का?"

"प्रक्रिया चालू आहे." त्यांनी कप बशीत ठेवला. "मुलीच्या नेमणुकीची फाईल माझ्याच टेबलावर आहे. मी म्हटलं, अनावरणाच्या दिवशीच पत्र हातात द्यावं. सगळ्यांसमोर. शोभून दिसेल."

धमकी दिलीच नव्हती त्यांनी. उलट गोड बोलून गेले. म्हणून तर ते जास्त बोचलं.

साहेब गेल्यावर लेक बाहेर आली. "आई, तू तिथे काही बोलणार नाहीस."

"तुझ्या बापाला मारलंय त्यांनी."

"आगीने मारलंय. आणि समजा त्यांनी मारलं असेल, तर तू बोलल्याने बाबा येणार आहेत? मला महिन्याचा पगार लागतो, आई. तुझे खांदे किती दिवस चालणार आहेत?"

त्या रात्री दोघी एकमेकींकडे पाठ करून झोपल्या.

अनावरणाला चौक माणसांनी फुलला होता. पडदा सरकला. पुतळ्याची छाती फुगलेली, पोट सपाट, हनुवटी आभाळाकडे. "हा कोण?" असं तिच्या तोंडून निघून गेलं, पण बँडमध्ये कुणाला ऐकू गेलं नाही. गर्दीत मागे कवळीवाला, दुकानदार आणि गणिताच्या बाई एका ओळीत उभे दिसले. आधी लेकीला नेमणूक पत्र दिलं गेलं, फोटो निघाले. मग इस्त्रीचं नाव पुकारलं.

टाइप केलेला कागद तिच्या डाव्या हातात होता आणि चार अर्ज पिशवीत. लेक पत्र छातीशी धरून तिच्याकडे बघत होती. पत्र तर मिळालं, आता ते कोण काढून घेतंय, असा विचार इस्त्रीच्या मनात आला आणि तिने तो कागद दुमडला.

"माझा नवरा शूर नव्हता," ती माइकवर म्हणाली. "तो घाबरायचा. भोंगा वाजला की त्याच्या पोटात गोळा यायचा."

तिने पिशवीवर हात ठेवला.

"त्या दिवशी शिडी उघडली नाही. तीन वर्षं उघडत नव्हती. त्याने चार अर्ज केले होते, ते माझ्याजवळ आहेत. कुणी बघितले नाहीत. शिडी चालू असती तर त्याला जिन्याने जावं लागलं नसतं. आज तो घरी भांडी फोडत असता."

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसत टाळी वाजवली. त्याच्यामागे दुसऱ्याने. बघता बघता सगळा चौक टाळ्यांनी दणाणला. "शिडी नव्हती तरी गेला!" कुणीतरी ओरडलं. "घाबरत होता तरी गेला!" बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी सूर धरला. ती "अहो, ऐका," म्हणत राहिली, तोवर माइक निवेदकाच्या हातात गेला होता. त्याचा गळा दाटून आला होता. आणि त्याचं ते दाटून येणं खोटं नव्हतं, हेच तिला सहन झालं नाही.

खाली उतरताना साहेबांनी हात जोडले. "छान बोललात वहिनी. मनापासून." तिने पिशवीतून अर्ज काढून त्यांच्यापुढे धरले. "हे आपण दलाच्या संग्रहालयात लावू," ते म्हणाले. तिने ते घाईघाईने परत पिशवीत कोंबले.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता, 'शिडीविना झेप घेणारा वीर'.

रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत तो पेपर टेबलावर पसरलेला होता. गणिताच्या बाईंना कशावरही विनोद सुचायचा. त्यांनी पेपरकडे बघितलं आणि तो उलटा करून ठेवला.

"मी खोटं एक अक्षर बोलले नाही," इस्त्री म्हणाली.

"तेच तर," दुकानदार म्हणाला. "खोटं बोलल्या असतात तर कुणीतरी चौकशी तरी केली असती."

लेक कामाला लागली. नियंत्रण कक्षात बापाच्या तसबिरीखालीच तिचं टेबल. आल्यागेल्याने आधी तसबिरीला हात जोडायचे, मग तिच्याशी बोलायचं. पहिला पगार झाला तसं तिने आईला रात्रपाळ्या सोडायला लावल्या. घरात मात्र दोघींचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतंच.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी ती घरी आली आणि चपला न काढताच बसली.

"आज एक फोन आला होता," ती म्हणाली. "चौथा मजला. एक बाई आणि तिची सासू. मी शिडीची गाडी मागितली. मला सांगितलं, ती फक्त कार्यक्रमांना नेतात, उघडत नाही. मग साधी गाडी पाठवली."

"मग?"

"जिन्याने गेले. बाईला आणलं. सासूला नाही." तिने ओढणी काढून मांडीवर घेतली. "ती बाई फोनवर मला विचारत होती, शिडी कधी येते म्हणून. मी म्हटलं, निघालीय. आई, मी तिला निघालीय म्हटलं."

इस्त्रीने तिच्या पायातल्या चपला काढल्या. लेक म्हणाली, "ते अर्ज कुठेत?"

लेकीने पाचवा अर्ज स्वतःच्या नावाने केला. सोबत बापाच्या चारही अर्जांच्या प्रती जोडल्या आणि एक प्रत वरच्या कार्यालयात पाठवली. साहेबांनी तिला बोलावलं नाही, रागावलेही नाहीत. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. कारणे दाखवा नोटीस. वरिष्ठांना डावलून पत्रव्यवहार, हे पहिलं कारण. दुसरं कारण असं, की आपल्या हुतात्मा वडिलांच्या लौकिकास बाधा येईल असे वर्तन आपण केले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.

लेकीने नोटीस दोनदा वाचली. "बाबांचा लौकिक," ती म्हणाली, आणि नोटीस आईच्या हातात दिली.

रविवारी इस्त्री तिला घेऊन दुकानात गेली. नवा अंक आला होता, पण तो तसाच बाजूला पडून राहिला. कवळीवाल्याने नोटीस मोठ्याने वाचली आणि दुसऱ्या कारणापाशी अडखळला. गणिताच्या बाईंनी त्याच्या हातातून ती घेतली, पेन उघडलं आणि लेकीला जवळ बसवलं.

"खुलासा कुठून सुरू करायचा?" लेकीने विचारलं.

"चौथ्या मजल्यापासून," इस्त्री म्हणाली. "त्या म्हाताऱ्या बाईचं नाव काय होतं, ते आधी लिही."

लेकीला नाव माहीत नव्हतं. फोन करणारीने ते सांगितलं होतं, पण नोंदवहीत फक्त मजला लिहायला जागा होती.